‘आजी स्वर्गात जाणार नाही का?’

ताई,

मी मूळची नगरची. आमचं घर आजोबांच्या आधीपासून मराठी मिशनच्या प्रोटेस्टंट मंडळीतलं. लग्न होऊन वसईच्या कॅथलिक घरात आले. वडिलांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आई नाही, भाऊ-भावजय दोघं नोकरीला. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, ‘व्याह्यांना इकडे आणा.’ सकाळी अंघोळीपुरता एक माणूस येतो. मी कामावर गेले की बाकीचं सगळं सासूबाई बघतात.

भाऊ मंडळीत बायबल अभ्यास घेतो. ईस्टरनंतर भेटायला आला आणि जेवताना विषय निघाला. सासूबाई सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत आहेत, आजाऱ्यांच्या घरी जातात, गरजूंना रेशन पोचवतात, दर महिन्याचा पहिला शुक्रवार उपासनेसाठी पाळतात, आणि हे सगळं एका वहीत लिहून ठेवतात. भाऊ म्हणाला, ‘मावशी, कर्मांनी तारण होत नाही. विश्वास नसेल तर हे सगळं व्यर्थ आहे.’ त्या म्हणाल्या, ‘तुझ्या बापाच्या तोंडात पेज कोण घालतं, तेही विचार तुझ्या विश्वासाला.’ माझा नऊ वर्षांचा मुलगा तिथेच होता. रात्री त्याने विचारलं, ‘आजी स्वर्गात जाणार नाही का?’ मला उत्तर सुचलं नाही.

येत्या मे महिन्यात त्याचं पहिलं कम्युनियन आहे. भाऊ येणार नाही म्हणतो. आणि माझं म्हणाल तर, दिवसभर सगळ्यांचं करते, पण प्रार्थनेला बसले की आत काहीच हलत नाही. विश्वास मोठा की सत्कर्म? आणि माझं कशात धरायचं?

– एक सून, वसई

प्रिय भगिनी,

आधी मुलाचं. त्याला उत्तर द्यायचं राहून गेलंय, ते तसंच राहू देऊ नका. नऊ वर्षांचं मूल असा प्रश्न विसरत नाही, फक्त पुन्हा विचारत नाही. त्याला सांगा की कोण स्वर्गात जाणार हे ठरवणं देवाच्या हातात आहे. ते काम मामाला दिलेलं नाही, आजीला नाही, चर्चमधल्या फादरनाही नाही. आणि आजीला देव मामापेक्षा कितीतरी जास्त ओळखतो. एवढं त्याला पुरेल. एक वाक्य मात्र तोंडावर आलं तरी गिळा: ‘आजी एवढं चांगलं करते, म्हणजे ती जाणारच.’ मुलगा चौकस दिसतो; पुढच्या मिनिटाला विचारेल, ‘मग आजोबांचं काय? ते तर काहीच करत नाहीत.’

तुमच्या घरातला सगळा वाद त्या आजोबांच्या खाटेपाशी येऊन थांबतो असं मला वाटतं. तिथे येतेच.

माझं मत विचारलंत, ते आडपडदा न ठेवता सांगते. मी विश्वास आधी ठेवते. देवाने मला आपलं म्हणावं यासाठी मी काही भरावं, कमवावं, सिद्ध करावं अशी अट नाही, ही गोष्ट काढून घेतली तर ख्रिस्ती धर्मात फारसं काही उरत नाही. पण ज्या विश्वासातून घरातल्या आणि शेजारच्या माणसाच्या वाट्याला काहीच येत नाही, त्याला विश्वास म्हणायला माझी जीभ धजत नाही. आणि तुमच्या भावाने, ज्या बाईच्या हातचं जेवला आणि जिच्या हातून त्याच्या वडिलांना घास मिळतो, तिच्या तारणाचा निकाल तिच्याच ताटावर बसून दिला, याचा मला राग आला. शिकवण बरोबर असली तरी ती कोणाला, कधी ऐकवायची याचं भान सुटलं की तिचा दगड होतो.

भाऊ ज्या वचनावर उभा आहे ते बायबलच्या नव्या करारातल्या प्रेषित पौलाचं आहे. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. सासूबाईंना ठाऊक असो नसो, त्यांची बाजू याकोबाच्या पत्रात आहे. कोणी उघडा आहे, रोजच्या अन्नाला महाग आहे, आणि तुम्ही त्याला नुसतं म्हणालात, ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव’, तर काय उपयोग? याकोब तिथे अगदी तोडून बोलतो. देव एकच आहे असं तुम्ही मानता? भुतंही मानतात, आणि थरथर कापतात. गंमत म्हणजे पौल आणि याकोब दोघंही दाखला देतात तो एकाच माणसाचा, अब्राहामाचा. पौल त्याच्या विश्वासाकडे बोट दाखवतो, याकोब त्याने आपल्या मुलाला, इसहाकाला, देवासाठी वेदीवर ठेवलं त्याकडे.

मग दोघांचं भांडण आहे का? मला तसं वाटत नाही. दोघांसमोरची माणसं वेगळी आहेत. पौलाच्या समोर ती माणसं आहेत ज्यांना सुंतेचा, नियम पाळल्याचा, आपल्या कुळाचा तोरा आहे आणि जी बाहेरून आलेल्यांना म्हणताहेत, आधी आमच्यासारखे व्हा. याकोबासमोर ती माणसं आहेत जी सभेत श्रीमंताला पुढची जागा देतात आणि फाटक्या कपड्यातल्या गरिबाला पायाशी बसवतात. ज्याचा त्याचा आजार बघून औषध दिलंय. आणि ‘कर्म नको’ म्हणणारा हाच पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करत फिरला, ‘प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास’ असे शब्द त्यानेच गलतीकरांना लिहिले, आणि डोंगर ढळवणारा विश्वास असूनही प्रीती नसेल तर मी काहीच नाही, हेही त्याचंच. भावाला रोमकरांस पत्र पाठ असेल. करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्यायही त्याला पाठच असणार, तो तर लग्नात वाचतात.

आता इतिहासाचं थोडं, कारण तुमच्या जेवणाच्या टेबलावर दोन माणसं बोलत नव्हती, पाचशे वर्षं बोलत होती. ३१ ऑक्टोबर १५१७ ला विटेनबर्गमध्ये मार्टिन ल्यूथरने ९५ मुद्दे मांडले, तेव्हा त्याच्यासमोर पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सुटकेची माफीपत्रं देणारे लोक होते. रोममधल्या सेंट पीटर्सच्या बांधकामालाही त्यातला पैसा जात होता. गरीब माणूस पोटाला चिमटा काढून मेलेल्या आईसाठी माफीपत्र घेत होता. ल्यूथर भडकला ते योग्यच होतं. पण त्यानेच रोमकरांस पत्राला लिहिलेल्या प्रस्तावनेत म्हटलंय की विश्वास ही जिवंत, सतत कामात असणारी गोष्ट आहे. सत्कर्म करावं का, हे ती विचारत बसत नाही, विचारायच्या आत करून मोकळी झालेली असते. विश्वासापासून कर्म तोडणं म्हणजे आगीपासून धग आणि उजेड तोडणं, हा दाखलाही त्याचाच. भाऊ ल्यूथरचं अर्धंच घेतोय.

आणि कॅथलिक लोक कर्मांनी स्वर्ग विकत घेतात, असं त्याला वाटत असेल तर त्याला सांगा की माफीपत्रांचा पैशाचा व्यवहार पोप पायस पाचवे यांनी १५६७ मध्ये बंद केला. त्याच्याही वीस वर्षं आधी, १५४७ च्या जानेवारीत, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने अगदी पहिल्याच कलमात लिहिलं की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून, केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल तो धिक्कारलेला असो. ही कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण आहे. ती पॅरिशमधल्या प्रत्येकापर्यंत नीट पोचली का, हा वेगळा प्रश्न, आणि तो मी सासूबाईंच्या बाबतीत पुढे विचारणारच आहे. पुढे ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक संघ यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्याचा गाभा असा: आपल्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्तावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपलं मन नवं करून आपल्याला सत्कर्मांसाठी बोलावतो. २००६ मध्ये मेथडिस्टांच्या आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघटनेनेही त्याला साथ दिली. सगळं मिटलं असं नाही. पर्गेटरी (मेल्यावर आत्मा शुद्ध होण्याची अवस्था), मृतांसाठी मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना), मरियेचं स्थान यांवर मतभेद आहेत आणि राहतील. पण ‘तुमच्याकडे कर्म, आमच्याकडे विश्वास’ अशी वाटणी आता दोन्हीकडच्या जाणत्या माणसांना मान्य नाही.

हे सगळं भावाला वाद म्हणून ऐकवू नका; तो वचनावर वचन टाकेल आणि दोघांची रात्र जाईल. त्याच्याशी पंडिता रमाबाईंबद्दल बोला. नगरहून दौंडमार्गे पुण्याला जाताना केडगाव लागतं, तिथलं मुक्ती मिशन तो ओळखून असणार. रमाबाई इंग्लंडमध्ये अँग्लिकन सिस्टर्सकडे राहत होत्या तेव्हा त्यांना लंडनजवळच्या फुलहॅममधला आश्रम दाखवायला नेलं. समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकलेल्या बायकांना सिस्टर्स तिथे माणसात आणत होत्या. रमाबाईंनी संस्कृत शास्त्रं पचवलेली, वादात भल्याभल्यांना गप्प करणारी बुद्धी; पण त्या हलल्या त्या हे काम पाहून. त्यांनी सिस्टरना विचारलं की या बायकांची काळजी करायला तुम्हाला लावतं तरी काय? तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली, विहिरीवर भेटलेल्या शमरोनी बाईची कथा वाचून दाखवली गेली. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग सासूबाईंच्या बाजूच्या लोकांनी ऐकण्यासारखा आहे. रमाबाई परत आल्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांना शिकवू लागल्या. म्हणजे सत्कर्म जोरात चालू होतं. आणि तरी पुढे त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो सापडला नव्हता. एवढं काम करणाऱ्या बाईने हे लिहावं! तो सापडल्यावर त्यांनी काम सोडलं का? उलट, १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने सांगाडा झालेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यातूनच केडगावचं मुक्ती उभं राहिलं. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि बहीण आधीच्या दुष्काळात गेले होते, हे लक्षात घेतलं की त्या प्रवासाचं वजन कळतं.

सिद्धांतात विश्वास आधी आणि कर्म नंतर असा क्रम मांडता येतो, मी मांडतेही. माणसाच्या आयुष्यात तो तसाच येईल याची हमी नाही. रमाबाईंच्या बाबतीत दुसऱ्यांच्या कर्माने त्यांचा विश्वास जागा झाला, आणि स्वतःच्या कर्मातच त्यांना विश्वासाची भूक कळली. तुमच्या सासूबाई त्या वाटेवर नेमक्या कुठे आहेत, हे नगरहून आलेल्या पाहुण्याला एका जेवणात कसं कळणार?

आता सासूबाई. त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो, हे आधी. व्याह्याला घरी आणा म्हणणारी बाई सोपी नाही. आपल्याकडे मुलीच्या सासरी आईबाप राहायचे म्हटलं की दोन्हीकडे मानपानाचे प्रश्न उभे राहतात. ते बाजूला सारून पेजेचा वाडगा हातात घ्यायला देवाची ओढ असल्याशिवाय बळ येत नाही, असं मी तरी म्हणेन.

पण ती वही मला खुपते. कोणत्या शुक्रवारी काय केलं, कोणाच्या घरी गेलो, किती मिस्सा झाल्या, हे माणूस लिहून ठेवतो तेव्हा बहुधा त्यामागे गर्व नसतो, भीती असते: पुरं पडेल ना? तुमच्या पत्रात हे नाही, पण शक्य झालं तर एकदा शांतपणे विचारा, ‘आई, ही वही तुम्ही कोणासाठी लिहिता?’ आणि उत्तर आलं तर मध्ये बोलू नका. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात, न्यायाच्या दिवशी राजा ज्यांना उजवीकडे बसवतो त्यांना तो सांगतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत. ती माणसं चकित होऊन विचारतात, प्रभू, कधी? त्यांच्याकडे वही नव्हती. हा भाग कॅथलिक घरांत पुष्कळ वाचला जातो, पण तो वाचताना आपण सगळे ‘खायला दिलंत’ इथेच थांबतो आणि ‘कधी?’ वरून पुढे सरकतो. सासूबाईंना भावाकडून ऐकावं लागलं ते ‘तुमचं केलेलं व्यर्थ आहे.’ त्यांना ऐकायला हवं होतं ते हे की मोजायची गरज नाही, तुम्ही आधीच स्वीकारलेल्या आहात. शिकवण तीच, पौलाचीच; पण पहिल्या सुरात ती शिव्यांसारखी लागते आणि दुसऱ्या सुरात थकलेल्या म्हाताऱ्या बाईची झोप परत आणते. हे त्यांना पॅरिशच्या फादरनी सांगितलं तर जास्त पटेल. पापनिवेदनाला जातात तेव्हा त्यांनी ही भीती बोलून दाखवावी.

आणि आता ती खाट. तुमच्या वडिलांना साक्ष देता येत नाही, सेवा करता येत नाही. भाऊ म्हणतो त्या अर्थाने ते तोंडाने विश्वास कबूल करू शकत नाहीत, सासूबाई म्हणतात त्या अर्थाने हात हलवू शकत नाहीत. दोघांच्याही हिशेबात ते बसत नाहीत. म्हणून दोघांचाही हिशेब अपुरा आहे, असं मला वाटतं.

मार्काचा दुसरा अध्याय काढा. कफर्णहूममध्ये येशू एका घरात बोलतोय, दारात उभं राहायला जागा नाही. चौघं जण एका पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून आणतात. आत शिरता येत नाही, म्हणून छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि खाट खाली सोडतात. कल्पना करा, खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडतेय, घरमालक ओरडत असेल. आणि मार्क लिहितो: त्यांचा विश्वास पाहून येशू त्या पक्षाघाती माणसाला म्हणाला, ‘मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे.’ ‘त्यांचा’ म्हणजे कोणाचा, यावर टीकाकार लिहीत आलेत. त्या आजाऱ्याचाही त्यात धरावा, असं म्हणणारे आहेत. पण दिसण्यासारखं तिथे काय होतं? घामेजलेली चार माणसं आणि छपराला पाडलेलं भगदाड. त्या चौघांनी एक शब्द उच्चारल्याची नोंद नाही. आणि खाटेवरच्या माणसानेही क्षमेचा शब्द ऐकेपर्यंत काही केलेलं नाही, काही कमावलेलं नाही. त्याला नुसतं मिळालं. विश्वास, कर्म आणि कृपा यांवर इतकी भांडणं झाली, आणि ते तिन्ही एका खोलीत, एकमेकांचा हात न सोडता, इथे उभे आहेत.

तुमच्या घरीही खाटेला हात लावणारी माणसं आहेत. सासूबाई एक, तुम्ही एक, तुमचे यजमान असतील, सकाळी अंघोळ घालायला येणारा तो माणूस असेल. त्याचा धर्म कोणता हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि मला ते विचारायचंही नाही.

यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं आलं. प्रार्थनेला बसल्यावर आत काही हलत नाही, म्हणून आपला विश्वास गेला असं तुम्ही धरून चालला आहात. नोकरी, घर, लोकलचा प्रवास, वडिलांच्या औषधांच्या वेळा, आणि वर दोन माहेर-सासरच्या मंडळ्यांमध्ये दुभाषाचं काम. रात्री दहाला बसल्यावर काही हलत नसेल तर त्यात श्रद्धेपेक्षा झोपेचा भाग मोठा आहे. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की त्यांनी कित्येक दशकं प्रार्थनेत असाच कोरडेपणा, असाच अंधार सोसला होता. काम सोडलं नाही, प्रार्थनाही सोडली नाही. त्यांच्याएवढं करा असं मी मुळीच म्हणत नाही. एवढंच म्हणते की भावना म्हणजे विश्वास नव्हे. वडिलांना कूस बदलून देताना ‘प्रभू, याला सांभाळ’ एवढं मनात म्हटलंत तरी ती प्रार्थनाच झाली. रविवारी कुठे जायचं हा प्रश्न असेल तर सध्या मुलाबरोबर जा. आणि हा थकवा महिनोन्‌महिने उतरत नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. फादर किंवा पाळक दोघंही त्याला औषध देऊ शकत नाहीत.

राहिला मे महिना. भावाला फोनवर बोलावू नका, पत्र लिहा, आणि कम्युनियनच्या दिवशीच ये असं न म्हणता आठवडाभर आधी रजा टाकून ये म्हणा. कारण साधं लिहा: घरात कार्य आहे, आईंना आणि मला तयारीला वेळ हवा, तेव्हा तेवढे दिवस बाबांचं तू बघ. हे त्याला शिक्षा म्हणून सांगू नका, तो मुलगा आहे, त्याचा हक्क आहे. मिस्साच्या वेळी तो कम्युनियन घेणार नाही, ते त्यालाही ठाऊक आहे आणि कॅथलिक चर्चचाही तसाच नियम आहे, तेव्हा त्यावरून त्याला अवघडून टाकू नका. आधी सासूबाईंना सांगून ठेवा म्हणजे ऐन वेळी कोणी कोपराने ढकलणार नाही. संध्याकाळी घरी प्रार्थना ठेवा, वडिलांच्या खोलीत. सासूबाई रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतील, त्यानंतर शास्त्रपाठ भावाने वाचावा. कोणता, ते मी वर सांगितलंच आहे; त्याने दुसरा निवडला तरी वाचू द्या.

आणि तो यायच्या आधी एक कागद तयार करा: पेज किती पातळ लागते, घास डाव्या गालाकडे कसा द्यायचा, पाणी चमच्याने की नळीने, दर दोन तासांनी कूस कोणत्या बाजूला, पाठीला पावडर कधी. हे सगळं तुमच्यापेक्षा सासूबाईंना जास्त माहीत आहे. कागद त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि पहिल्या दिवशी भावाला शेजारी उभं करून त्यांनीच दाखवावं.

तुमची,
ताई